खडबडीत चांदीची करामत

फलटणहून दहिवडी-मायणीमार्गे विट्याला गेलं, की गलाईवाल्यांचा मुलूख लागतो. इथली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी शुद्ध करतात. तेजाबात चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. त्या द्रावात असतं सिल्व्हर नायट्रेट. तांबं टाकून चांदी परत मिळवतात. पण याच क्षारातून अशीही चांदी घडवता येते, जी एकट्या रेणूला बोलतं करते!

1928 मध्ये सी. व्ही. रामन यांनी दाखवलं, की पदार्थावरून विखुरलेला थोडा प्रकाश रंग बदलून येतो. हा बदल रेणूगणिक वेगळा, म्हणून त्यावरून रेणू ओळखता येतो. अडचण एकच: कोटीभर प्रकाशकणांत असा जेमतेम एखादा.

1974 मध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खडबडीत केला. क्लोराइड क्षाराच्या पाण्यात वीज उलटसुलट फिरवली, की वरची चांदी क्लोराइड होते आणि पुन्हा चांदी होऊन कणाकणांनी बसते. क्षेत्रफळ वाढेल, तपासायचं पिरिडीन जास्त चिकटेल, एवढाच हेतू. रामन सिग्नल मात्र अफाट वाढला. 1977 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे हिशेब मांडला: वाढ लाख ते दहा लाख पट! नुसत्या क्षेत्रफळाने हे शक्यच नव्हतं.

चांदीच्या सूक्ष्म कणांतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हेलकावतात. सपाट चकचकीत पत्र्यावर ते जमत नाही. दोन कणांत नॅनोमीटरभर फट असेल, तर विद्युतक्षेत्र तिथं एकवटतं. क्षेत्र दहापट झालं, तर सिग्नल साधारण दहा हजार पट होतो. माझ्या मते सगळी कारागिरी आहे ती या फटी घडवण्याची. 1997 मध्ये तर एकेकट्या रेणूचा सिग्नल मिळाला.

असे चांदीचे कण बनवण्याची ली आणि मायझेल यांची 1982 ची कृती आजही चालते. अर्धा लिटर शुद्ध पाण्यात 90 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट उकळायचं, 1 टक्का सोडियम सायट्रेटचं 10 मिलिलिटर द्रावण घालून तासभर उकळत ठेवायचं. पाणी गढूळ पिवळट-करडं होतं. त्यात किंचित मीठ पडलं, की कण जवळ येतात. जास्त झालं, तर गाळ बसतो.

2010 मध्ये चीनमधल्या श्यामेन विद्यापीठाच्या गटाने सिलिकाचा पातळ थर दिलेले सोन्याचे कण संत्र्याच्या सालीवर पसरून तिच्यावरचं पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखलं. द्राक्षं-डाळिंबं पिकवणाऱ्या आपल्या पट्ट्यात हे तंत्र यायलाच हवं. फलटण-विट्याच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम सायट्रेट हे दोन्ही क्षार प्रयोगशाळेत मिळतात. हातमोजे घाला, शिक्षकांना सोबत घ्या आणि ही चांदी एकदा करून बघाच.