गाडी टायर का ‘खाते’?
खानदेशातील रस्ते, उन्हाळा आणि चाकांची अलाइनमेंट

चारचाकीच्या देखभालीत इंजिन ऑइल, बॅटरी आणि ब्रेक यांची आठवण मालकाला वेळोवेळी होते. टायरची आठवण मात्र बहुधा पंक्चर झाल्यावरच होते. वस्तुतः मोटारीचा रस्त्याशी येणारा सारा संबंध चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांपुरता असतो. ब्रेक कितीही उत्तम असले, तरी गाडी थांबते ती या ठशांच्या पकडीवरच. म्हणूनच टायर एका बाजूने घासला जाणे ही केवळ खर्चाची बाब ठरत नाही. ती आत बसलेल्या माणसांच्या सुरक्षिततेची बाब ठरते.

असमान झिजेतील सर्वांत मोठा धोका असा की, ती अनेकदा दिसतच नाही. टायरची बाहेरची कड समोर असते, तिच्यावरील खाचा खोल दिसतात आणि मालक निश्चिंत राहतो. आतली कड मात्र गाडीच्या पोटाकडे असते. तेथे रबर संपून आतील पोलादी तारा उघड्या पडल्या, तरी महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. अशा टायरवर भर दुपारी महामार्गाने वेगात जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

रस्त्यांचा वाटा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वाहनधारकांना हा प्रश्न अधिक जाणवतो, त्याला कारणे आहेत. सुरतहून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा नागपूरकडे जाणारा महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आता ५३) ही खानदेशाची मुख्य वाट. फागणे ते तरसोद आणि तरसोद ते चिखली अशा टप्प्यांत हाती घेतलेले त्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळातील वळणरस्ते, अर्धवट कडा आणि खड्डे यांनी असंख्य गाड्यांची चाके हलवली. जळगावहून अजिंठ्यामार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याचे कामही असेच लांबले.

दुसरे कारण जमिनीत आहे. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती कापूस आणि केळीला मानवते, रस्त्याला मात्र नाही. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी थर त्यामुळे जागोजागी खचतो व लाटांसारखा उंचसखल होतो. शेताकडे वा गावाकडे वळताना डांबराची उंच कड चढावी लागते, तेथेही चाकांना तिरपा धक्का बसतो. नियमबाह्य उंचीचे गतिरोधक हे आणखी एक निमित्त. असे धक्के सोसता सोसता चाकांचे ठरवून दिलेले कोन हळूहळू बदलतात.

तीन कोनांचा खेळ

मोटारीची चाके अगदी सरळ उभी आणि परस्परांना तंतोतंत समांतर बसवलेली असतात, हा समज बरोबर नाही. प्रत्येक मॉडेलसाठी कंपनीने चाकांचे काही सूक्ष्म कोन निश्चित केलेले असतात. ते कोन पुन्हा त्या मापात आणणे म्हणजे व्हील अलाइनमेंट. त्यातील तीन कोन समजून घेणे पुरेसे आहे.

पहिला ‘टो’. गाडीकडे वरून पाहिले असता पुढच्या दोन्ही चाकांची तोंडे किंचित आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर वळलेली असतील तर टो-आउट. चालताना काही माणसांचे अंगठे आत वळतात, काहींचे बाहेर. तसाच हा प्रकार. दुसरा ‘कॅम्बर’. समोरून पाहिल्यास चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला असणे म्हणजे कॅम्बर. तिसरा ‘कॅस्टर’. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरपा असतो, तसा चाक वळण्याच्या आसाला दिलेला हा तिरपेपणा. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होते, ते मुख्यत्वे त्याच्यामुळे.

टायर खाण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा गुन्हेगार टो हाच असतो. एक ढोबळ हिशेब पाहा. चौदा इंची रिमच्या गाडीत टो मापापेक्षा केवळ ३ मिलिमीटरने बिघडला, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर येतो. रिमचा व्यास सुमारे ३५५ मिलिमीटर. या प्रमाणाने चाक प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे सव्वाचार मीटर आडवे फरफटते. जळगाव ते धुळे हे अंतर साधारण ९० किलोमीटर धरले, तर एका फेरीत टायर जवळजवळ पावणेचारशे मीटर आडवा घासला जातो. रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराचा नवा टायर काही महिन्यांत का संपतो, याचे उत्तर या हिशेबात आहे. इंधनही अर्थातच जास्त जळते.

टायर वाचायला शिका

झिजलेला टायर स्वतःच आपल्या दुखण्याची कथा सांगतो. ती वाचण्यासाठी यंत्राची गरज नाही.

टायरचा मध्यभाग झिजला आणि दोन्ही कडा शाबूत राहिल्या, तर हवा सतत जास्त भरली जात आहे. याउलट दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी आहे. दोन्ही पुढच्या टायरांची केवळ आतली कड झिजत असेल, तर टो-आउट किंवा आत कललेला कॅम्बर, आणि केवळ बाहेरची कड झिजत असेल, तर टो-इनचा संशय घ्यावा. एकाच चाकाची एकच कड खाल्ली जात असेल, तर त्या बाजूचा एखादा भाग वाकलेला असण्याचा संभव असतो.

टायरच्या पृष्ठभागावरून तळवा आडवा फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा खरखरीत लागला, तर टो बिघडला आहे हे निश्चित समजावे. पृष्ठभागावर थोड्या थोड्या अंतराने वाटीसारखे खोलगट भाग पडले असतील, तर शॉकअॅब्सॉर्बर निकामी झाले आहेत किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेले आहे. खड्ड्यात जोरात आपटल्यावर टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा दिसला, तर आतील धागे तुटलेले असतात. असा टायर दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो.

आतली कड पाहण्याची युक्ती सोपी आहे. उभ्या गाडीत स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे. पुढच्या चाकाचा पृष्ठभाग सहज दिसतो. महिन्यातून एकदा, दोन्ही बाजूंनी, एवढे केले तरी पुरे.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग

या दोन कामांत बहुसंख्य लोकांची गल्लत होते. गाडी ८० ते १०० किलोमीटरच्या वेगाला आली की स्टीअरिंग थरथरते आणि वेग बदलला की थांबते, हे प्रामुख्याने बॅलन्सिंग बिघडल्याचे लक्षण. त्यात चाकाच्या वजनातील असमतोल रिमला छोटी वजने लावून दूर करतात. गाडी एका बाजूला ओढते किंवा सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरके राहते, हे अलाइनमेंट बिघडल्याचे लक्षण. मात्र ओढ तपासताना रस्ता सपाट हवा. पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे निर्दोष गाडीही थोडी डावीकडे झुकते. दोन बाजूंच्या टायरांतील हवेचा फरक किंवा धरून राहिलेला ब्रेक हीदेखील ओढ लागण्याची कारणे असतात.

गॅरेजमध्ये काय पाहावे?

आता तालुक्याच्या गावीही संगणकीय अलाइनमेंटची यंत्रे दिसतात. तथापि यंत्र चांगले असणे आणि काम चांगले होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम चारही टायरांत योग्य हवा भरावी. नंतर गाडी उचलून टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश यांत ढिलेपणा आहे का, हे हाताने हलवून पाहावे. या भागांत खेळ असताना केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. सुटे भाग बदलल्यानंतर अलाइनमेंट करावी, आधी नव्हे.

काम सुरू होण्यापूर्वीचे आणि संपल्यानंतरचे आकडे असलेला छापील कागद मागावा. त्यावर आपल्याच गाडीचे मॉडेल निवडले आहे ना, हे पाहावे. त्यात कॅम्बरचा आकडा लाल दिसला तर घाबरून जाऊ नये. आपल्याकडील अनेक छोट्या गाड्यांत कारखान्याने केवळ पुढचा टो फिरवण्याची सोय ठेवलेली असते. कॅम्बर बदलता येत नाही. मागचा आसही बहुतेक छोट्या गाड्यांत एकसंध असतो, त्याला समायोजन नसते. अशा गाडीत कॅम्बर मापाबाहेर असेल, तर काहीतरी वाकले आहे, बसले आहे किंवा झिजले आहे, आणि तो भाग शोधून बदलणे हाच खरा उपाय. जादा पैसे घेऊन स्ट्रट दाबून वाकवणे हा उपाय नव्हे. त्यात पोलाद कमजोर होण्याची भीती असते.

दर दहा हजार किलोमीटरला, तसेच खड्ड्यात जोरात आदळल्यावर, नवे टायर बसवल्यावर आणि सस्पेन्शनचे काम केल्यावर अलाइनमेंट तपासून घ्यावी. काही शे रुपयांचा हा खर्च हजारोंचे टायर वाचवतो.

उन्हाळा आणि हवेचा गैरसमज

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणे जळगाव-भुसावळकरांना नवे नाही. ‘उन्हाळ्यात टायर फुटतो, म्हणून हवा कमी ठेवावी’ असा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो चुकीचा व घातक आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्याच्या भिंती सतत दुमडतात आणि त्या घर्षणातून आतली उष्णता वाढत जाते. टायर फुटतो तो बहुतांशी या उष्णतेने.

तापमान साधारण सहा अंशांनी वाढले की टायरमधील दाब सुमारे एक पौंडाने वाढतो. पहाटे २५ अंशांवर ३३ पौंड भरलेली हवा दुपारी ४५ अंशांवर, गाडी उभी असतानाही, ३६ पौंडांच्या पुढे जाते. ही वाढ गृहीत धरूनच कंपनीने माप दिलेले असते. म्हणून हवा सकाळी, गाडी फार न चालवता, थंड टायरमध्ये तपासावी आणि तापलेल्या टायरमधून ती सोडू नये. माप चालकाच्या दाराच्या चौकटीवरील वा इंधनटाकीच्या झाकणामागील तक्त्यात असते. टायरच्या भिंतीवरील आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरण्याचा नव्हे. कुटुंबासह, सामानासह वणीच्या सप्तशृंगी गडावर जायचे असेल, तर तक्त्यातील पूर्ण भाराचे माप वापरावे. ओझ्याने गाडी मागे बसली की काही गाड्यांत मागच्या चाकांचे कोनही बदलतात, हे लक्षात असू द्यावे.

अदलाबदल, वय आणि नियम

पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्यांत पुढचे टायर लवकर झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे केले, तर चौघांची झीज सारखी होते. मात्र अलाइनमेंट दुरुस्त न करता केलेली अदलाबदल म्हणजे दोनाऐवजी चार टायर खराब करणे होय.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरमधील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला की टायरचे आयुष्य संपले. ही पातळी आतल्या कडेलाही तपासावी, केवळ बाहेरून नव्हे. पावसाळ्यात खाचा उथळ असतील, तर टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते.

वयही पाहावे. भिंतीवरील चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर कमी चालूनही कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. वर्षानुवर्षे डिकीत पडून राहिलेली स्टेपनीही याला अपवाद नाही.

रस्ते सुधारणे हे शासनाचे काम आहे व ते त्याने वेळेवर करावे, ही अपेक्षा रास्तच आहे. तोवर लळिंग वा कन्नडचा घाट उतरण्यापूर्वी आपल्या गाडीची चारही चाके आतून-बाहेरून पाहणे आपल्या हाती आहे. त्याला पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.