सतत काळजी, धडधड, झोप नाही : बोलण्याचे उपचार कोणते आणि कुणाला कोणता?

पाऊस लांबला, सोयाबीनचा भाव पडला, पुण्याला गेलेल्या पोरानं फोन उचलला नाही, तर काळजी वाटणारच. तो आजार नव्हे. पण एक कारण मिटलं की मन दुसरं शोधतं, असं सहा महिने बहुतेक दिवस चालतं, झोप उडते, मान-खांदे आखडतात, चिडचिड होते, तेव्हा डॉक्टर त्याला चिंता विकार म्हणतात. गावाकडं असा माणूस आधी ईसीजी काढतो, मग वर्षानुवर्षं गॅसच्या गोळ्या खातो. रक्त, थायरॉईड तपासून घ्यावंच. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

यावर गोळ्या आहेत, तसेच बोलण्याचे उपचारही आहेत. बोलणं म्हणजे नुसतं ‘टेन्शन घेऊ नको’ नाही, ते तर घरचेही सांगतात.

सर्वात जास्त अभ्यास झालेला उपचार म्हणजे सीबीटी. यात विचार आणि वागणूक दोन्हींवर काम होतं. साधारण आठवड्याला एक बैठक, अशा 12 ते 15. घरी वही लिहायची. ‘पोरगा फोन घेत नाही, अपघातच झाला असणार’ हे लिहायचं, आणि खरं काय झालं तेही. महिन्याभराची वही पाहिली की मन किती वेळा चुकलं ते आपल्याच अक्षरात दिसतं. लागोपाठ दहा फोन लावायची सवयही हळूहळू मोडायची. कर्जाची काळजी मात्र खरी असते, ती वहीनं फिटत नाही. पण बँकेत कधी जायचं, कोणते कागद न्यायचे हे ठरवणं वेगळं आणि रात्रभर कुशी बदलणं वेगळं, हे इथं शिकवतात.

दुसरा उपचार शरीराकडून सुरू होतो. एकेक स्नायू काही सेकंद घट्ट आवळायचा, मग सैल सोडायचा. रोजच्या सरावानं पुढं अर्ध्या मिनिटात अंग सैल करता येतं, अगदी बाजार समितीच्या रांगेतही. स्वीडनच्या लार्स-ग्योरान ओस्ट यांनी ही पद्धत बसवली. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात ती सीबीटीच्या बरोबरीनं सुचवली आहे. वही लिहिणं ज्याला जमत नाही त्यानं याबद्दल जरूर विचारावं.

तिसरी पद्धत काळजी करण्याच्या सवयीवरच बोट ठेवते. ‘आईनं काळजी नाही करायची तर कुणी?’ काळजी केली म्हणजे संकट टळतं, हा समज तपासला जातो. नॉर्वेतल्या अभ्यासात तिचा निकाल चांगला आला, पण ती शिकलेले तज्ज्ञ आपल्याकडं शोधावे लागतात.

श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव मदतीला चांगला, पण त्रास जास्त असेल तर एकट्या त्यावर विसंबू नये.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनानं बंद करायच्या नसतात. झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते, मेडिकलवरून परस्पर आणू नका. बैठकांत शिकलेलं मात्र उपचार संपल्यावरही उपयोगी पडतं. गरज असेल तर दोन्ही सोबत चालतात.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर सकाळची वाट न पाहता लगेच फोन लावा आणि घरच्या कुणाला तरी जवळ बसवून घ्या.