फवारणी आणि रक्तातली साखर

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती विषबाधा दिसली, कारण माणसे तडकाफडकी दवाखान्यात पोचली. वर्षानुवर्षे पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्यांच्या शरीरात हळूहळू जे होते, ते मात्र दिसत नाही. चाळिशीनंतर शुगर निघाली की चहातल्या साखरेला बोल लावून आपण मोकळे होतो.

मोनोक्रोटोफॉस, थिमेट, नुवान, क्लोरपायरिफॉस ही सगळी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. मज्जातंतूंचा निरोप पोचला की तो थांबवणारे एक विकर असते, कोलिनेस्टरेज. ही रसायने तेच बंद पाडतात. किडीचे स्नायू आखडतात आणि ती मरते. हे विकर माणसातही आहे, म्हणून जास्त मात्रा अंगात गेली की लाळ, घाम, उलट्या सुरू होतात. थोडी मात्रा गेली तर यातले काहीच जाणवत नाही. शिवाय ही रसायने डीडीटीसारखी चरबीत वर्षानुवर्षे मुरून राहत नाहीत, बरीचशी काही दिवसांत लघवीवाटे निघून जातात. मग साखर का वाढावी?

याचे एक उत्तर मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच २०१७ साली मांडले. त्यांनी उंदरांना १८० दिवस मोनोक्रोटोफॉस दिले. कोलिनेस्टरेजमध्ये फारसा फरक पडला नाही, पण साखर पचवण्याची ताकद घटली. आतड्यातले जिवाणू हे कीटकनाशक फोडतात, तेव्हा अ‍ॅसेटिक आम्लासारखी छोटी आम्ले तयार होतात. शरीर त्यांच्यापासून नवी साखर बनवू लागते. म्हणजे खाण्यातून आलेली साखर वेगळी, ही घरातच तयार झालेली वेगळी. रसायन दिलेल्या उंदरांची विष्ठा दुसऱ्या उंदरांच्या पोटात सोडली, तर त्यांचीही साखर बिघडली. तमिळनाडूच्या खेड्यांतल्या ३,०८० लोकांच्या पाहणीतही, कीटकनाशकांशी थेट संबंध येणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती कोलिनेस्टरेजची. विषबाधेच्या संशयात डॉक्टर त्याचीच तपासणी करतात. ती नॉर्मल आली म्हणून साखरेचीही काळजी मिटली, असे होत नाही.

यकृत आणि चरबीचाही यात वाटा असावा. क्लोरपायरिफॉसमुळे ऊर्जा जाळणारी तपकिरी चरबी थंडावते, असे २०२१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना उंदरांत दिसले. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या फवारणी करणाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाशी संबंध दिसलेल्या रसायनांत अ‍ॅलाक्लोर, डायक्लोरव्हॉस (आपले नुवान) आणि ट्रायक्लोरफॉन होती. भारतात ही तिन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. बंदीच्या त्याच यादीत फोरेट, म्हणजे थिमेटही होते.

अर्थात संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. वजन, आहार, घराण्यातला मधुमेह हेही जोडीला असतातच, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण तपासणी करून घ्यायला तेवढ्या पुराव्याची वाट पाहायची गरज नाही. फवारणी करणाऱ्यांनी, आणि फवारणीचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांनीही, वर्षातून एकदा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्यावी. आणि किती वर्षे, कोणते औषध फवारले, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे.