माल बंगळूरचा, धूर महामार्गाचा

समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर आत बंदर उघडायची कल्पना भारतात पहिल्यांदा अमलात आली ती बंगळुरात. ऑगस्ट 1981 मध्ये रेल्वेने इथे देशातला पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो सुरू केला. कंटेनर इथेच भरायचा, कस्टमचे सोपस्कार इथेच उरकायचे, सील ठोकायचे आणि पेटी रुळांवरून थेट मद्रासच्या धक्क्यावर न्यायची. पर्यावरण हा शब्द तेव्हा मालवाहतुकीच्या आसपासही फिरकत नव्हता. निर्यातदाराचा वेळ वाचावा आणि वाटेतली चोरी थांबावी, एवढाच हिशेब होता. पण लांबचा पल्ला रेल्वेने, पेटी बंद आणि हाताळणी कमीत कमी हा जो धडा आज परिषदांमधून शिकवला जातो, तो या शहराने 1981 मध्येच गिरवला होता. पुढे 1988 मध्ये कॉनकॉर ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी असे सात डेपो रेल्वेकडून घेऊन तिने कामाला सुरुवात केली. बंगळूरच्या डेपोचा पत्ता आता व्हाइटफील्ड. भोवती आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. डेपोकडे निघालेला ट्रेलर आणि ऑफिसला निघालेला इंजिनिअर सकाळी एकाच कोंडीत उभे असतात.

एवढी आघाडी असून पुढे रेल्वे मागे का पडली, याचे उत्तर थोडे आपल्याकडच्या मिरजेत आहे. पुण्याहून बेळगाव, हुबळी, हरिहर करत बंगळूरला जाणारा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने चालवायला घेतला, तो मीटरगेजचा. पुणे-मिरज टप्पा ब्रॉडगेज झाल्यावर मिरजेपुढचा मार्ग बरीच वर्षे मीटरगेजच राहिला. म्हणजे पुण्याकडचा माल मिरजेला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरायचा. दोनदा हमाली आणि वर मुक्काम. ट्रकवाल्याच्या मालाला ही भानगड नव्हती. तो पुण्यात भरायचा आणि बंगळुरातच खाली व्हायचा. मिरजेपुढचे रूळ नव्वदच्या दशकात रुंद झाले, तोवर गिऱ्हाईक हुंडेकऱ्याकडे गेले होते. विजय संकेश्वर यांनी 1976 मध्ये गदगला एका ट्रकवर सुरू केलेला धंदा याच काळात व्हीआरएल नावाने वाढला. मागोमाग सुवर्ण चतुष्कोन आला आणि त्याची मुंबई-चेन्नई बाजू पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर करत बंगळुरातून गेली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला 80 टक्क्यांहून अधिक माल रेल्वेने जात होता, आता हा वाटा 30 टक्क्यांच्या आत आला आहे. सगळ्याचे खापर गेजवर फोडता येणार नाही. तरीही एकदा तुटलेले गिऱ्हाईक नुसते रूळ रुंद करून परत येत नाही.

ट्रक असे वाढत असताना इकडे बंगळुरात एक गृहस्थ बैलगाडीबद्दल तळमळीने बोलत होते. प्रा. एन. एस. रामस्वामी हे आयआयएम बंगळूरचे संस्थापक संचालक. त्याआधी मुंबईत नीटी या संस्थेचेही संचालक होते. व्यवस्थापनशास्त्राच्या माणसाने जू आणि चाकाचा अभ्यास करावा, याचे अनेकांना हसू आले असणार. त्यांचे म्हणणे मात्र साधे होते. देशात कोट्यवधी बैल आणि लाखो गाड्या रोज माल ओढतात, त्यांवर संशोधन शून्य, आणि डिझेल आपण परदेशातून आणतो. लोखंडी धावेचे चाक रस्ता उकरते, जुवाने बैलाच्या मानेला जखमा होतात आणि साध्या लाकडी आसाशी झालेल्या घर्षणात बैलाची निम्मीअधिक मेहनत वाया जाते. बेअरिंग, रबरी टायर आणि नीट बेतलेले जू दिले, तर त्याच बैलाला कमी त्रासात जास्त ओझे झेपेल. यासाठी त्यांनी बंगळुरात कार्टमन ही संस्था काढली. बैलगाडी शहरातून गेली, पण तिचे काम राहिले. अर्धा टन माल, पाच-पंधरा किलोमीटर, सावकाश आणि दिवसातून दोन-तीन खेपा. बंगळुरातल्या महिंद्राच्या कारखान्यातून 2020 मध्ये ट्रिओ झोर ही विजेवरची मालवाहू तीनचाकी बाहेर पडली, ती याच कामासाठी. ती बनवणारी कंपनी मूळची चेतन मैनींच्या रेवा मोटारीची. रेवा रस्त्यावर आली 2001 मध्ये आणि कंपनी महिंद्राने घेतली 2010 मध्ये. मोटारीला जे गिऱ्हाईक मिळाले नाही, ते मालाच्या रिक्षाला मिळाले. माझ्या मते विजेची खरी जागा तिथेच होती: रोजचा ठरलेला रस्ता, रात्री ठरलेली जागा, आणि पैशापैशाचा हिशेब ठेवणारा मालक.

मधल्या काळात मालवाहतुकीत सगळ्यात मोठा बदल केला तो कराच्या एका कायद्याने. 1 जुलै 2017 च्या आधी दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात एक गोदाम ठेवत आणि माल ‘स्टॉक ट्रान्स्फर’ म्हणून पाठवत. धंद्याला गरज असो वा नसो, कागदासाठी गोदाम लागे. शिवाय अत्तिबेलेसारख्या सीमेवर लॉऱ्यांची रांग, इंजिन घुरघुरत ठेवलेले, क्लीनर बिल्टीचे कागद घेऊन खिडकीशी उभा. जीएसटीने ती खिडकी बंद केली. ई-वे बिल सुरू करणारे पहिले राज्य कर्नाटक, सप्टेंबर 2017 मध्ये. पाच लहान गोदामांच्या जागी एक मोठे आले, ट्रक जास्त भरून जाऊ लागले, रांगेत जळणारे डिझेल वाचले. या कायद्याला कोणी हरित म्हटले नाही, पण गेल्या दहा वर्षांत हरित म्हणून गाजलेल्या बऱ्याच योजनांपेक्षा त्याने जास्त धूर वाचवला असावा, असे मला वाटते. त्याच्या जोडीला आणखी एक नीरस पण भरीव गोष्ट: 1 एप्रिल 2020 पासून नव्या ट्रकना लागू झालेला बीएस-6 चा दंडक.

मोठे गोदाम शहरात मावत नाही. म्हणून ते गेले नेलमंगल, दाबसपेट, होसकोटे, मालूर, अत्तिबेले या पट्ट्यांत. जिथे नाचणी आणि अवरेकाई (पावटा) व्हायची तिथे आता पत्र्याच्या लांबच लांब शेड. त्यातली एखादी आतून पाहण्यासारखी असते. बारा मीटर उंच छत, त्यात ओळीने बसवलेले दुधी पत्रे, त्यामुळे दुपारी दिवे लावावेच लागत नाहीत. छताच्या कण्यावर वाऱ्याने गरगरणारी टर्बो व्हेंट. डॉकच्या तोंडाशी ट्रकची पाठ रबरी गादीला टेकते. फोर्कलिफ्ट बॅटरीवरची, वळणावर फक्त तिचा भोंगा ऐकू येतो. बाहेर मात्र जुनाच संसार: गेटपासून लागलेली रांग, चाकाच्या सावलीत स्टोव्हवर शिजणारा भात, आणि आत कधी बोलावतील याचा पत्ता नसलेले ड्रायव्हर.

शेडच्या छताचा एक हिशेब करून पाहावा. एक लाख चौरस फूट छप्पर म्हणजे सुमारे 9,300 चौरस मीटर. बंगळूरचा पाऊस वर्षाला साधारण 970 मिलिमीटर. गळती वगळून पाचातले चार भाग पाणी हाती लागले, तरी वर्षाला 70 लाख लिटरच्या वर जाते. बारा हजार लिटरचे जवळजवळ सहाशे टँकर! 2024 च्या उन्हाळ्यात ज्या शहराने टँकरसाठी वणवण केली, त्याच्या वेशीवरची ही गोष्ट. त्याच छपरावर सात-आठशे किलोवॅटची सौरपाटीही बसू शकते. बरेच मालक बसवतातही. पण अडचण वेगळीच असते. शीतगृह नसलेल्या गोदामाला वीज लागते किती? दिवे, पंखे, फोर्कलिफ्ट. उरलेली वीज कोणाला आणि कोणत्या दराने द्यायची, हे वीज नियामक आयोगाच्या नियमांवर अवलंबून. शिवाय छप्पर मालकाचे आणि विजेचे बिल भाडेकरूचे. पाटीचा खर्च मालकाने करायचा आणि बचत भाडेकरूची, तर मालक कशाला हात घालील? जुन्या शेडचे छप्पर तर पाट्यांचे वजनही पेलत नाही.

शहरातल्या शेवटच्या पल्ल्याची कहाणी जास्त झगमगती. विजेच्या गाड्यांचे धोरण आणणारे कर्नाटक देशातले पहिले राज्य, 2017 मध्ये. इथेच जन्मलेल्या फ्लिपकार्टने 2020 मध्ये जाहीर केले की 2030 पर्यंत आपल्या घरपोच सेवेतल्या सगळ्या गाड्या विजेवर चालतील. मैनींच्या सन मोबिलिटीने बॅटरी बदलून देण्याचा धंदा मांडला, युलूच्या ठेंगण्या निळ्या दुचाकी डिलिव्हरीच्या पोरांच्या हाती आल्या. हे सगळे चांगलेच आहे, पण दोन गोष्टी खटकतात. दिवसभर पळालेली गाडी चार्जिंगला लागते रात्री. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडाचा 2,050 मेगावॅटचा सौरप्रकल्प तेव्हा झोपलेला असतो, आणि रायचूरच्या वीजकेंद्रातला कोळसा जागा असतो. दुसरी गोष्ट दहा मिनिटांत घरी येणाऱ्या कोथिंबिरीच्या जुडीची. महिन्याची यादी एका खेपेत आणणारे शहर दिवसातून तीनदा एकेक वस्तू मागवू लागले, तर खेप विजेवर गेली म्हणून कितीसे वाचले?

आणि हा सगळा शेवटचा पल्ला. मधल्या सहाशे-हजार किलोमीटरचे काय? नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातल्या वाहनांत ट्रक अवघे 3 टक्के, पण वाहनांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांत त्यांचा वाटा 53 टक्के. सोलापूरचा कांदा घ्या. यशवंतपूरच्या बाजारात तो रात्रीच्या ट्रकने पोचतो. 30 ऑगस्ट 2020 रोजी दक्षिण पश्चिम रेल्वेने नेलमंगल ते सोलापूरजवळचे बाळे अशी रो-रो गाडी, म्हणजे भरलेले ट्रकच वाहून नेणारी मालगाडी, सोडली. 682 किलोमीटर आणि एका फेरीत 42 ट्रक, ड्रायव्हरसकट. कल्पना कोकण रेल्वेची, तिथे कोलाड-वेर्णा सेवा जानेवारी 1999 पासून चालू आहे. पण कोकणात घाट, पाऊस आणि वर्षानुवर्षे अर्धवट पडलेला महामार्ग. तिथे ट्रकवाल्याला रेल्वेचा डबा म्हणजे सुटका. सोलापूर-विजापूर-चित्रदुर्ग हा पठारावरचा सरळ रस्ता. तिथे ट्रक वाघिणीवर चढवून, सगळ्या वाघिणी भरेपर्यंत थांबून, मालाबरोबर ट्रकचेही वजन ओढायचे, हे गणित ट्रकवाल्याच्या गळी उतरणे कठीण. त्यात 2018 मध्ये सरकारनेच आसभार वाढवला, दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेले. टनामागे डिझेल कमी जळू लागले हे खरे, पण त्याच फटक्यात रेल्वेचा माल आणखी स्वस्तात रस्त्यावर आला. एका खात्याने रो-रोला हिरवा झेंडा दाखवायचा आणि दुसऱ्याने ट्रकला बळ द्यायचे, हे आपल्याकडे नवे नाही.

आता आशा दाबसपेट-दोड्डबळ्ळापूर पट्ट्यातल्या मुद्देलिंगनहळ्ळीवर आहे. 400 एकरांवर बहुविध वाहतूक केंद्र आखले आहे, अपेक्षित खर्च सुमारे 1,770 कोटी, खासगी कंपनीशी करार 2022 मध्ये. एका बाजूला मुंबईकडे जाणारा रेल्वेमार्ग, दुसऱ्या बाजूला सॅटेलाइट रिंग रोड. जागा नेमकी निवडली आहे. रेल्वेने आलेला माल तिथेच साठवून, तिथूनच शहरात जावा. 1981 चा डेपो कंटेनरपुरता होता, इथे सिमेंटपासून कांद्यापर्यंत सगळे चालायला हवे. मात्र आत रुळांची साइडिंग किती लांब आणि तिथून गाड्या किती वेळा सुटतात, यावरच ठरेल की हे रेल्वेचे केंद्र होते की आणखी एक मोठा ट्रकतळ.

दरम्यान जुलै 2025 मध्ये पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून विजेच्या ट्रकसाठी अनुदानाचे नियम आले. देशभरात सुमारे 5,600 ट्रक, एकाला जास्तीत जास्त 9.6 लाख रुपये. अट अशी की जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचा दाखला जोडायचा. धंद्यातले बहुतेक ट्रक थोड्या गाड्यांच्या छोट्या मालकांचे. त्यांचा जुना ट्रक भंगारात जात नाही, तो विकला जातो आणि खडी-वाळूच्या कामाला लागून आणखी दहा वर्षे कमावतो. त्या विक्रीचे पैसे सोडून, विजेच्या महागड्या ट्रकसाठी कर्ज काढून, वाटेत चार्जर मिळेल की नाही याची खात्री नसताना नेलमंगलहून कोल्हापूरचे भाडे कोण घेणार? मोठ्या कंपन्या घेतील. त्यांच्या गोदामाच्या छतावर पाट्या आहेत, रात्री गाडी उभी करायला आवार आहे आणि परतीचा मालही ठरलेला आहे. बाकीचे तुमकूर रोडवर परतीच्या भाड्याची वाट पाहत डिझेलवरच थांबतील.