माहितीचा दाखला मागण्याची विद्या

जेम्स ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेला मराठ्यांचा इतिहास लवकरच मराठीत उतरला, आणि सरकारी अधिकाऱ्याचा ग्रंथ म्हणून त्याला अशी काही प्रतिष्ठा लाभली की त्यातील विधानांविषयी शंका घ्यावी, हे सामान्य वाचकाच्या मनातही येत नसे. या ग्रंथाची कसून तपासणी करणारा निबंध १८६८च्या सुमारास ज्यांनी लिहिला, ते नीलकंठ जनार्दन कीर्तने त्या वेळी पुण्यात महाविद्यालयीन शिक्षण घेत होते. ग्रंथकाराने कोणती साधने पाहिली, कोणती त्याच्या नजरेतून सुटली, अमुक विधानाला आधार काय, असे प्रश्न एका विद्यार्थ्याने छापील ग्रंथाला विचारले. पुढे १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे छापली, आणि त्याला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत बखरकारांची विधाने त्या पत्रांशी ताडून पाहिली. माहितीची शहानिशा करण्याची शिस्त आपल्याकडे परदेशातून आयात करण्याचे कारण नाही. ती येथल्याच दप्तरांच्या धुळीत वाढलेली आहे. मात्र ती विद्वानांच्या मंडळांत राहिली आणि शाळेच्या वर्गात उतरली नाही, याची खंत करावी तेवढी थोडी.

शाळेत आज जे उतरले आहे, त्याला ‘प्रकल्प’ असे भारदस्त नाव आहे. एखाद्या थोर पुरुषाचे चित्र दुकानातून विकत आणावे, चार पाने संगणकावरून छापून घ्यावीत, किंवा तयार प्रकल्पवहीतून सुवाच्य अक्षरात उतरवून काढावीत, कडेला रंगीत पट्टी लावावी, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरलीच तर, ‘संदर्भ : इंटरनेट’ एवढे लिहून मोकळे व्हावे, हा त्याचा सर्वमान्य शिरस्ता होऊन बसला आहे. यात मुलांकडे दोष जात नाही. जिथे गुण सजावटीला मिळतात तिथे मूल सजावटच करणार. तेवढे व्यवहारज्ञान त्याला उपजत असते.

वस्तुतः शोध घेण्याची विद्या शिकवायला मोठी सामग्री लागत नाही. लागतो तो एक खराखुरा प्रश्न, आणि तो शक्यतो गावातला. पुण्यातील नववीच्या वर्गाला ‘पानशेतचे धरण का फुटले आणि पाणी कुठवर आले?’ असे विचारून पाहावे. १२ जुलै १९६१ ही तारीख कोणतेही पुस्तक सांगेल. खरे काम त्यानंतर सुरू होते. नदीकाठच्या पेठेतील एखादे वृद्ध आजोबा, पाणी आपल्या वाड्याच्या कितव्या पायरीला लागले हे इतक्या खात्रीने सांगतील की त्या बाबतीत त्यांच्यासारखा साक्षीदार दुसरा मिळणार नाही; परंतु धरण का फुटले याविषयी त्यांचे म्हणणे हे त्या काळच्या बोलवेचे प्रतिध्वनी असण्याचा संभव आहे, आणि या दोन विधानांची किंमत एकच नव्हे, हे मुलाला उमगले म्हणजे निम्मे शिक्षण तिथेच झाले. पुरानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांची वर्तमानपत्रे ग्रंथालयात बसून चाळली, तर घाईत लिहिलेल्या बातमीत आकडे कसे बदलत जातात ते डोळ्यांनी दिसते. न्यायमूर्ती नाईक यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल हा तिसरा पुरावा. बांधकाम पुरे न झालेल्या मातीच्या धरणात पाणी साठू दिल्याची हकीकत शोधायची ती तिथे. या तिन्हींची तोंडे एकमेकांकडे वळवून, जिथे ती जुळत नाहीत तिथे थांबून विचार करायला शिकणे, यालाच मी संशोधनाचा श्रीगणेशा म्हणतो.

मोबाइलवरील मजकुराला वेगळी कसोटी लागते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी ४५ जणांना, म्हणजे १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यशोधक आणि २५ विद्यार्थी यांना, काही संकेतस्थळे पारखायला दिली. विद्यार्थ्यांबरोबर पुष्कळ इतिहासकारही भारदस्त नावाला आणि नेटक्या मांडणीला भुलले. तथ्यशोधकांनी मात्र त्या पानावर फारसे रेंगाळण्याऐवजी ही संस्था कोणाची, तिला पैसा कोण पुरवते, इतर लोक तिच्याविषयी काय सांगतात, हे बाहेर जाऊन पाहिले. विद्वत्ता आणि सावधपणा या दोन निराळ्या वस्तू आहेत, याचा इतका सोज्ज्वळ दाखला क्वचितच मिळेल. आता तर विचारल्या प्रश्नाला सफाईदार मराठीत उत्तर देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले आहे. ते कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचाही हवाला देते, आणि तो ग्रंथ शोधायला कपाटापर्यंत जाणाऱ्यालाच ती लबाडी कळते.

पण कपाट उघडे हवे! एस. आर. रंगनाथन हे गणिताचे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, आणि ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात हा त्यांतला पहिलाच नियम होय. आपल्या बहुतेक शाळांत ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कपाटांची खोली, आणि ग्रंथपाल, तो असलाच तर, अर्धवेळ नेमणुकीवरचा, गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळण्याच्या कामी जुंपलेला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची जी प्रचंड सूची सिद्ध केली, ती कशी पाहावी, विश्वकोशातील नोंदीवरून मूळ ग्रंथापर्यंत कसे जावे, पुस्तकाच्या पाठीवरील ८९१.४६ हा आकडा मराठी साहित्याचा कसा, हे मुलाला सांगण्याचा अधिकार आणि कसब ज्या माणसाजवळ आहे, त्यालाच आपण हजेरीपटाच्या हवाली केले आहे. १९६७च्या अधिनियमानंतर राज्यात दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर उभी राहिली. त्यांपैकी पुष्कळ ग्रंथालये शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतात, आणि तरी शाळेचा एखादा वर्ग तिथे रीतसर नेल्याचे अभावानेच ऐकू येते.

यासाठी शासनाच्या नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच आहे की येत्या जूनपासून निदान एका इयत्तेच्या एका प्रकल्पाचे निम्मे गुण मुलाने वापरलेल्या साधनांच्या यादीला द्यावेत. त्या यादीत प्रत्येक साधनापुढे ते कोठे मिळाले, कोणी व केव्हा लिहिले, त्यावर किती विश्वास ठेवला आणि का, हे मुलाच्या स्वतःच्या शब्दांत असावे, आणि ती तपासण्याचे काम वर्गशिक्षकाबरोबर ग्रंथपालाकडेही सोपवावे. पालकांनीही दुकानातली तयार प्रकल्पवही आणणे थांबवावे, आणि तो रविवार मुलाला घेऊन जवळच्या वाचनालयात घालवावा.