पायथनमधून एफटीपी
इंटरनेटवर फाइल पाठवण्याच्या एफटीपी नियमांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१मध्ये अभय भूषण यांनी एमआयटीत लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी!

पायथनमध्ये एफटीपीचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी जोडणारा प्रोग्रॅम, लिहायला 'एफटीपीलिब' हे मॉड्यूल भाषेसोबतच मिळतं. साधा क्लायंट दहा-बारा ओळींत होतो. समजून घ्यायच्या असतात त्या दोन जोडण्या. पोर्ट २१वर फक्त आज्ञा आणि उत्तरं जातात, फाइल वेगळ्या जोडणीवरून येते. ही दुसरी जोडणी क्लायंटने उघडली की तो पॅसिव्ह मोड. फायरवॉलमागे सहसा हाच चालतो आणि एफटीपीलिबही तोच गृहीत धरतं. फोटो, झिप फाइल बायनरी पद्धतीनेच उतरवा.

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. म्हणून एफटीपीलिबमधला टीएलएसचा, म्हणजे कूटबद्ध जोडणीचा, क्लास वापरा आणि लॉगिननंतर फाइलच्या जोडणीसाठीही संरक्षण मागा; ते आपोआप मिळत नाही.