बाइटांची भाषा – लेखांक ९ : जे लिहिलं, तेच वाचता यावं
‘जोयडा’ हे नाव देवनागरीत साठवायला संगणकाला पंधरा बाइट लागतात. ज, ओकार, य, ड आणि काना ही पाच चिन्हं, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. बाइट म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. प्रोग्रामर ती सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये लिहितात : ० ते ९ आणि पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ. त्यामुळे कुठलाही बाइट बरोबर दोन चिन्हांत मावतो. जोयड्यातला ‘ज’ असा दिसतो : ई० ए४ ९सी.

कन्नड लिपीतला ‘ज’ घ्या : ई० बी२ ९सी. फक्त मधला बाइट बदलला. ओकार देवनागरीत ई० ए५ ८बी, कन्नडमध्ये ई० बी३ ८बी. इथेही तेच. हा योगायोग नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतावली तयार झाली तेव्हा तिने सगळ्या लिप्यांना वर्णमालेचा एकच क्रम दिला, आणि युनिकोडने तिच्या १९८८च्या आवृत्तीवरून आपली कोष्टकं मांडली. म्हणून देवनागरी आणि कन्नड अक्षरं ८९६ घरांच्या अंतराने एकमेकांसमोर उभी आहेत. जोयडा ज्या जिल्ह्यात येतो, तो उत्तर कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. जोयडा तालुक्यातल्या कॅसलरॉक स्थानकाच्या पाटीवर आजही दोन्ही लिप्या आहेत. पाटीवर न दिसणारं त्यांचं हे नातं हेक्समध्ये लख्ख दिसतं. मला हेक्स आवडतं ते यासाठी.

आता हे हेक्स लिहिणारं आणि वाचणारं साधन लायब्ररीत घालायचं, तर ते कसं बांधावं?

जावा भाषेत पुष्कळ वर्षं प्रत्येकजण ते आपापलं बांधत असे. हाताशी ‘इंटिजर’चं ‘टूहेक्सस्ट्रिंग’ होतं, पण ते पूर्णांकासाठी आहे, बाइटांसाठी नाही. जावात बाइट उणे १२८ ते १२७ असा मोजला जातो. त्यामुळे आपला ९सी, म्हणजे १५६, तिथे उणे १०० होतो, आणि तो थेट या पद्धतीला दिला की ९सीच्या आधी सहा एफ चिकटून येतात. ही चूक निदान डोळ्यांत भरते. दुसरी जास्त घातक आहे. ही पद्धत पुढचं शून्य टाकून देते. मजकुरातल्या नव्या ओळीचा बाइट आहे ०ए. तो नुसता ‘ए’ म्हणून छापला जातो. दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असली की असे दोन बाइट लागोपाठ येतात आणि ‘एए’ उमटतं. वाचणारा ते एकच बाइट समजतो, १७०. लांबी सम आहे, चिन्हं वैध आहेत, कुठेही तक्रार येत नाही, आणि मजकूर मात्र बिघडलेला असतो.

एक्सएमएलच्या पॅकेजमध्ये ‘डेटाटाइपकन्व्हर्टर’ नावाची एक सोय होती, लोक तिच्यावर विसंबत. २०१८ साली जावा ११ मधून ते पॅकेजच काढलं गेलं. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये जावा १७ बरोबर ‘हेक्सफॉर्मॅट’ हा स्वतंत्र वर्ग आला.

त्याच्या रचनेतला एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. बाइटांमध्ये विभाजक कोणता, प्रत्येक बाइटाच्या आधी आणि नंतर काय लिहायचं, अक्षरं मोठ्या लिपीतली की छोट्या, हे सगळं एकाच वस्तूत ठरतं. ती वस्तू एकदा घडली की बदलत नाही. वेगळा विभाजक हवा असेल तर नवी वस्तू मिळते. आणि लिहिणं, वाचणं दोन्ही तिच्याच हातून होतं. अपूर्णविराम घालून लिहिलं, तर वाचतानाही ती नेमक्या त्याच जागी अपूर्णविराम मागते. पायथनमध्ये तसं नाही. तिथे ३.८ आवृत्तीपासून बाइटांची ‘हेक्स’ पद्धत विभाजक घालून देते, पण ‘फ्रॉमहेक्स’ फक्त रिकाम्या जागा वगळते. म्हणजे अपूर्णविराम घालून जे पायथनने स्वतः लिहिलं, ते पायथनला परत वाचता येत नाही. एक गोष्ट मात्र पायथन चांगली करते : चूक कितव्या जागी आहे ते सांगते. हजारो चिन्हांच्या ओळीत त्याची किंमत कळते.

लिहून परत वाचण्यालाही दिशा असते. बाइटांपासून निघून स्ट्रिंगमार्गे, म्हणजे चिन्हांच्या ओळीमार्गे, परत बाइटांवर आलं, की तेच मिळालं पाहिजे. यात सवलत नाही. स्ट्रिंगपासून निघालात तर मात्र हेक्सफॉर्मॅट मोठी आणि छोटी दोन्ही अक्षरं वाचतो आणि ठरलेल्या एकाच रूपात लिहितो. एवढी ढिलाई योग्य आहे, कारण दोन्ही रूपं सर्रास चालतात.

मग या लेखात छापलेलं ‘९सी’ यंत्राने वाचावं का? ‘सी’ रोमनच लागेल, ते ठीक. पण ९चं काय? जावाची ‘कॅरेक्टर’ वर्गातली ‘डिजिट’ पद्धत देवनागरी ९ला नऊच मानते. पायथनचा ‘इंट’ही मानतो. हेक्सफॉर्मॅट आणि फ्रॉमहेक्स मात्र तो नाकारतात. मराठी माणूस म्हणून पहिल्यांदा हे खटकतं, तरी मी नाकारणाऱ्यांच्या बाजूने आहे. माणसाने भरलेल्या अर्जातला आकडा देवनागरीत वाचलाच पाहिजे, तिथे नाकारणं हा अन्याय आहे. हेक्स बहुतेक वेळा फाइलचा किंवा प्रमाणपत्राचा ठसा, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेली ओळखखूण असते, आणि ठसे अनेकदा नुसती स्ट्रिंग म्हणून ताडून पाहिले जातात. एकाच ठशाची मोठ्या-छोट्या अक्षरांपलीकडची दहा रूपं वैध ठरली, तर एक प्रोग्राम ज्यांना वेगळं समजेल त्यांनाच दुसरा एक समजेल, आणि घुसखोराला तेवढी फट पुरते. देवनागरी अंकांतलं हेक्स वाचायचंच असेल, तर प्रत्येक अंकाच्या संकेतातून २३५८ वजा करून आधी त्याचा इंग्रजी अंक करावा आणि मग तो हेक्स वाचणाऱ्या पद्धतीला द्यावा. ही पायरी कोडमध्ये उघड दिसावी.

दिसायला एक पण बाइटांत वेगळं, असं मराठीत अक्षरांचंही होतं. ‘ऱ’ एका संकेतानेही साठवता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन संकेतांनीही. एका रूपाला तीन बाइट लागतात, दुसऱ्याला सहा. पुढच्या लेखांकात त्याविषयी.